डॉक्टरची गाडी आणि पिवळी

"ताई, दोघींत भारी कोणती?"

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, कॉलेजच्या गेटवर विचारतात, आईची औषधं घ्यायला गेले तर दुकानदारही गोळ्या मोजता मोजता विचारतो. उत्तर कुणालाच नको असतं. "डॉक्टरची" म्हटलं तर म्हणतात, "जुन्यात काय ठेवलंय?" आणि "पिवळी" म्हटलं तर म्हणतात, "त्यात माणसं तरी बसतात का?" दोन्ही वेळा मूर्ख मीच ठरते.

आमच्या मराठीच्या सरांनी दिवाळी अंकातल्या कामाच्या अनुभवांच्या पानांसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. त्या पानांवर निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त परिचारिका अशी माणसं लिहितात. माझा अनुभव दोन लग्नसरायांचा. मी अजून शिकते आहे, निवृत्त कशातून होणार? पण छापून आलं तर पुढच्या विचारणाऱ्याच्या हातात सरळ अंक देता येईल, या एका आशेवर लिहिते आहे.

मी पुसदला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव फुलसावंगीच्या बाजूला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. पुसदला दिनकरभाऊंचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे आणि त्यासोबत लग्नाला गाडी देण्याचा. मी पहिल्या वर्षी त्यांच्याकडे गाडी फुलांनी सजवायच्या कामाला लागले. झेंडूच्या माळा ओवायच्या आणि गाडीच्या रंगाला ओरखडा न पडता चिकटपट्टीने बसवायच्या, एवढंच काम. मग त्यांचा ड्रायव्हर पुण्याला निघून गेला आणि दुसऱ्याच दिवशी लग्न होतं. भाऊ मंडपाच्या बांबूंवर डोकं धरून बसले होते. मी घाबरत म्हटलं, "भाऊ, मला ट्रॅक्टर येतो. लायसन्स पण काढलंय."

"ट्रॅक्टर येते?" भाऊंनी मान वर केली. "मंग जमते तुले. हे बी ट्रॅक्टरसारखीच हाय, सांगतलेलं ऐकत नाही."

ती म्हणजे डॉक्टरची गाडी. यवतमाळच्या एका डॉक्टरांकडून भाऊंनी घेतली म्हणून हे नाव. माझ्या बाबांच्या जन्माआधीची, विलायती, दुधी रंगाची. पुढचं बॉनेट लांबलचक, दारं दोनच, आणि छत मागे उतरत उतरत डिक्कीला मिळालेलं. अशा गाडीला कूपे म्हणतात. मागे एक बाक असतो, पण तिथं जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. म्हणजे नवरा-नवरी आधी मागे जाणार, मग सीट सरळ करून करवली पुढे बसणार. उतरताना उलटं. करवली उतरल्याशिवाय नवरी उतरूच शकत नाही. एकदा एक करवली रस्त्यात झोपली ती उठेचना. दारात ओवाळायला उभ्या असलेल्या बाया आणि मागे अडकलेले नवरा-नवरी एकमेकांकडे बघत राहिले, आणि सगळे माझ्यावर चिडले. जणू गाडी मीच बनवली होती.

आईला माझं हे काम आधी पटलं नाही. "लोकं नवरीले सोडून तुलेच पाहून राह्यले, शीतल," असं ती एका लग्नाहून येऊन म्हणाली होती. ते खरंही होतं. पण त्या पैशात माझी पुसदची खोली भागत होती. मुलीला खोली करून ठेवणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं आणि गावाहून ये-जा करायची तर आमची प्रॅक्टिकलं संपायच्या आत परतीची शेवटची बस निघून जाते. म्हणून आईने मला अडवलं नाही.

या धंद्यात गाडी पळवावी लागत नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. गाडी न पळवता चालू ठेवावी लागते. वरात बँडच्या मागे सरकते. बँडपुढे मामा नाचत असतो, मामाला कुणी ढकलू शकत नाही. आमच्याकडच्या उन्हात जुनी गाडी अशी रांगली की तिचं पेट्रोल इंजिनात पोहोचायच्या आतच पंपात तापून त्याची वाफ होते. मग ती खोकते आणि बंद पडते. उपाय सोपा आहे. पंपावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची, वर पाणी शिंपडत राहायचं, थोडं थांबायचं. मी नेहमी बादली आणि फडकं सोबत ठेवत असे. एका लग्नात मी बॉनेट उघडून फडकं ठेवत होते तर नवरदेवाच्या मावशीने पुढे होऊन त्या फडक्याला हळदी-कुंकू लावलं, वर तांदूळ टाकले आणि मलाच विचारलं, "अवं, नारळ नाही आणलं काय?" तिला वाटलं हा काही विधी आहे. मी वरून पाणी शिंपडत राहिले. पुढे त्या घरच्या आणखी एका लग्नात त्यांनी फडक्यासाठी नारळ आधीच आणून ठेवला होता.

आणि मग भाऊंनी पिवळी आणली.

पुण्याहून कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार. लिंबासारखी पिवळी, कमरेएवढीही उंच नाही, चालू केली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहत. सगळा बाजार बघायला आला. भाऊ चारी बाजूंनी फिरून दाखवत होते. मी दार उघडून आत डोकावले आणि मला काहीतरी खटकलं. मोठ्या माणसाला विचारावं की नाही, असं झालं. मग विचारलंच.

"भाऊ, यात बसणार कोण?"

"कोण म्हणजे? नवरा-नवरी."

"आणि चालवणार कोण?"

भाऊंनी आत पाहिलं. दोनच सीटा. त्यांनी पुन्हा पाहिलं, जणू मागे कुठं तरी एखादी घडी घातलेली सीट असेल. लग्नाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाने लग्नासाठी गाडी घेतली आणि ड्रायव्हर मोजलाच नव्हता. नवरीला एकटीला अनोळखी ड्रायव्हरशेजारी बसवून कोणता बाप पाठवणार?

"नवरदेव चालवंल," भाऊ शेवटी म्हणाले. "आजकालचे पोट्टे चालवतातच."

चालवत नाहीत हो. मोटरसायकल चालवतात. जे गाडी चालवतात त्यांना फेटा आडवा येतो. पिवळीचं छत इतकं खाली की फेटा घालून आत बसताच येत नाही. नवरदेव फेटा काढून मांडीवर घेतो, मग फोटोवाला ओरडतो, मग तो पुन्हा घालतो आणि मान वाकडी करून बसतो, तो फोटोत मानेला लचक भरल्यासारखा दिसतो. पट्टा लावला तर हार चुरगळतो. नाही लावला तर गाडी टूं टूं करत राहते, ती वरात संपेपर्यंत. आणि पळायला बनवलेली गाडी मामाच्या नाचामागे रांगवली की तिचाही गिअरबॉक्स तापतो. डॉक्टरची गाडी तापली तर वासावरून कळतं आणि फडक्याने बरी होते. पिवळी तापली की स्टिअरिंगमागच्या पडद्यावर इंग्रजीत इशारा येतो आणि ती जागची हलत नाही. भाऊ नागपूरच्या मेकॅनिकला फोन लावतात, तो म्हणतो लॅपटॉप लावून पाहावं लागेल. लॅपटॉप नागपूरला, वरात मारुतीच्या देवळासमोर.

एक मात्र मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. ब्रेक पिवळीचेच चांगले. डॉक्टरच्या गाडीच्या ब्रेकवर मला अक्षरशः उभं राहावं लागे, आणि उतारावर समोर बकऱ्या आल्या की मी हॉर्नही दाबून धरत असे. हे मी कुणाला सांगत नसे, कारण तेवढंच धरून लोक निकाल लावतात.

भाऊंकडे शेड एकच होतं. दुसरी गाडी मंडपाच्या कापडांखाली झाकून बाहेर उभी राही. एक दिवस त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "पोरी, दोन गाड्या मले पोसत नाहीत. उन्हाळा लागंपर्यंत पाहीन, मंग एक काढतो. नागपूरचा एक शौकीन डॉक्टरची पाहून गेलता."

माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. पिवळीला नवरदेव चालवतात, तिला मी लागत नाही. डॉक्टरची गाडी गेली की माझं काम गेलं, काम गेलं की खोली गेली, आणि खोलीशिवाय शेवटचं वर्ष कसं होणार ते मला दिसत नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात मी मनातल्या मनात दोघींचे गुण मांडू लागले. पिवळी बंद पडली की मला बरं वाटे, आणि लगेच लाजही वाटे, कारण पलीकडे एखादी नवरी उन्हात उभी असे.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याच भागातलं एक लग्न आलं. नवरदेव रोशन, पुण्याला कंपनीत. त्याने पिवळी सांगितली होती. नवरी प्रणालीच्या घरच्यांनी डॉक्टरची. दोन्ही गाड्या एकाच मांडवात. मला वाटलं, आता भाऊंना डोळ्यांनीच दिसेल.

लग्न नीट लागलं. घोळ झाला पाठवणीला. नवरी सासरी निघते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक बाई पाठराखीण म्हणून जाते. प्रणालीसोबत तिची आजी जाणार होती, यशोदाआजी. पिशवी काखोटीला मारून ती पिवळीजवळ येऊन उभी राहिली.

"जावईबापू, मी कुठी बसू?"

रोशन म्हणाला, "आजी, तुम्ही मागच्या गाडीत या ना. यात दोघंच बसतात."

"मागच्या गाडीत? अन् नात पुढं?" आजीचा आवाज मांडवाच्या पार गेला. "मी काय आहेरातलं पातेलं हाव, मागून टेम्पोत यायले?"

"तसं नाही आजी, ही गाडीच दोघांची हाय."

"दोघाईची गाडी लग्नात कायले आणली मंग? दोघं घरी बसले असते!"

बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. भाऊ मध्ये पडले. "आजी, आत तर पाहा एकदा, जागाच नाही."

"पाहतोच," म्हणून आजीने दार उघडलं आणि ती बसायला गेली. सीट आपल्याला वाटते त्याहून बरीच खाली असते. आजी बसली नाही, पडली. आत पोहोचली आणि "आई वं" म्हणून तिने दोन्ही हात वर केले.

"आजी, झालं पाहून?" रोशनने विचारलं.

"झालं. आता काढा मले."

निघेचना. आजीच्या गुडघ्यांना खालून जोर लागत नव्हता. दोन सुनांनी हात धरून ओढलं, तर ती ओरडली, "खांदा उपटता काय माह्या!" मामांनी सुचवलं की सीट मागे सरकवावी. भाऊंनी बटण दाबलं तर सीट आणखी खाली गेली. तिकडे दिवस मावळायच्या आत निघायचं म्हणून भटजींनी घाई लावली होती. प्रणाली रडत होती ती थांबून बघत होती. शेवटी तिच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "असू द्या तशीच. जावई आईले घेऊन जातील. प्रणाली दुसऱ्या गाडीत."

"अन् माही बायको?" रोशन म्हणाला.

"येते ना मागून! कुठी पळून राह्यली काय?"

अशी ती वरात निघाली. पुढे पिवळीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आणि शेजारी पिशवी छातीशी धरलेली आजी. मागे डॉक्टरच्या गाडीत मी आणि पुढच्याच सीटवर प्रणाली. माझ्या शेजारी बसल्यावर तिला जे हसू फुटलं ते आवरेना. काजळ गालावर आलं होतं. मीही हसले. मग डोळे पुसत तिने विचारलं, "ताई, खरं सांगा, दोघींत भारी कोणती?"

नवरीनेसुद्धा. मी म्हटलं, "तुमची आजी."

एका गावाबाहेर लोकांनी स्वतःच्या हाताने बांधलेला गतिरोधक आहे. गतिरोधक कसला, मातीचा बांधच. रोशनने पिवळी सावकाश चढवली आणि ती पोटावर टेकली. पुढची चाकं सुटली, मागची फिरत राहिली. मी थांबले. थांबले आणि माझीही गाडी खोकून बंद पडली. एकाच रस्त्यावर दोघी. भाऊ मागच्या जीपमधून उतरून दोघींच्या मध्ये उभे राहिले. त्यांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे.

पिवळी उचलायची तर वजन कमी करायला हवं. आजी उतरू शकत नव्हती. काच खाली करून ती वऱ्हाडी मंडळींना हुकूम सोडत होती. "ए लंब्या, तू चाकाले हात लाव! तू नको हसू, तुह्या लग्नात बी मीच येईन!" पोरं मोबाइल काढून तिचे व्हिडिओ घेत होती आणि ती त्यांना हात दाखवत होती. इकडे मी बॉनेट उघडून फडकं ठेवलं. बादलीतलं पाणी संपलं होतं. प्रणाली शालूचा पदर खोचून खाली उतरली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिने फडक्यावर धरलं. थोड्या वेळाने डॉक्टरची गाडी सुरू झाली. पिवळीला ओढायला शेतातून ट्रॅक्टर आणावा लागला.

मी मनात म्हटलं, झालं. याहून स्पष्ट काय असतं? माझी गाडी पाण्याच्या एका बाटलीवर उठली. भाऊंनी पाहिलं. माझं शेवटचं वर्ष पक्कं.

रोशनच्या दारात आजीला एका लुगड्याची झोळी करून चौघींनी बाहेर काढलं. पायावर उभी राहिल्यावर ती काय म्हणाली असेल? "गाडी मात्र फर्मास हाय. पलंगावर लोयल्यासारखं वाटलं."

आठवडाभरात तो व्हिडिओ महागावपासून उमरखेडपर्यंत गेला. भाऊंचा फोन वाजायचा थांबेना. "ते आजीवाली गाडी पाह्यजे." "पिवळी, जिच्यात म्हातारी अडकली ते." पाण्याच्या बाटलीचा, ओल्या फडक्याचा व्हिडिओ कुणीच काढला नव्हता. मी भाऊंना समजावायचा प्रयत्न केला. चार जागा, फेटा घालून बसता येतं, गतिरोधकाला अडत नाही, सगळं सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकलं.

"सारं खरं हाय, पोरी. मी बी पाह्यलं ना. पण लोकाईले गाडी बसायले नाही पाह्यजे, सांगायले पाह्यजे."

मी बादली आणि फडकं शेडच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

नागपूरचे गृहस्थ मोठ्या ट्रकवर गाडी न्यायला आले. मी त्यांना गार गाडी सुरू करताना चोक किती ओढायचा, उन्हात काय करायचं ते सांगायला पुढे झाले. त्यांना सगळं माहीत होतं. फडक्याचंसुद्धा. ते चांगले, जाणते माणूस होते, गाडी सुखात राहील असं कुणालाही वाटलं असतं. मला मात्र त्याचंच जास्त वाईट वाटलं. डिक्कीत एका कोपऱ्यात वाळलेला झेंडू राहिला होता, तो त्यांनी झटकून टाकला आणि ट्रक निघून गेला.

मी खोलीवर येऊन पुस्तकं बांधायला घेतली. मैत्रिणीला म्हटलं, पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलची वही तुझीच उतरवावी लागेल. बाबांना फोन करायचा होता, पण दोन-तीन दिवस केला नाही.

मग भाऊंचा निरोप आला. ऐन मे महिन्यात पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावर लग्न होतं. नवरीचे वडील एसटीत चालक. ते भाऊंच्या दुकानात बसले होते आणि मी गेले तेव्हा टेबलावर बोट आपटत होते. "गाडी पिवळीच पाह्यजे, पोरीचा हट्ट हाय. पण नवरदेव चालवणार नाही. रातभर नाचलेला माणूस मी स्टिअरिंगवर बसू देत नसतो, मंग तो जावई का असेना. अन् परका गडी माह्या पोरीच्या बाजूले नको." ते माझ्याकडे वळले. "तूच काय ते, डॉक्टरची गाडी चालवणारी? तू चालव."

भाऊ माझ्याकडे बघत होते आणि मी भाऊंकडे. पिवळी मला जरासुद्धा आवडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "चालवते."

त्यानंतर मिरगापर्यंतची सगळी लग्नं तशीच झाली. बायकांना ते पटलं, बापांना पटलं. खोली अजून माझ्याकडे आहे आणि पुस्तकं पुन्हा सुटली आहेत. फक्त त्या पहिल्या लग्नाच्या हिशोबात एक माणूस राहून गेला, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासकट.

त्या तांड्यावरच्या पाठवणीला नवरी डाव्या बाजूला नीट बसली. मी तिचा पट्टा हाराच्या खालून लावून दिला. रडारड झाली, ओवाळणं झालं. मग नवरदेव फेटा सावरत आला, डावं दार उघडलं, तिथं बायको. फिरून उजवीकडे आला, तिथं मी. तो वाकून आत पाहत राहिला.

"अन् मी?"

मी काही बोलणार तोच नवरी माझ्यावरून पुढे झुकली आणि म्हणाली, "तुम्ही मामाच्या जीपमंदी या ना. उशीर होऊन राह्यला."

मी बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात चालू झाली, हे मात्र मान्य करायला हवं.